गणपती एका घरी ऑगस्टमध्ये, दुसऱ्या घरी सप्टेंबरमध्ये: पंचांग आकाशाशी जुळवणारे केरूनाना छत्रे

२०२३ साली कर्जत-खालापूरसह महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत गणपती १९ सप्टेंबरला बसले. टिळक पंचांग पाळणाऱ्या मोजक्या घरांत मात्र भाद्रपद शुद्ध चतुर्थी त्याच्या महिनाभर आधी, २० ऑगस्टलाच येऊन गेली होती. दर काही वर्षांनी हा प्रकार घडतो आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारला जातो: चंद्र एकच, सूर्य एकच, मग सणाचे महिने दोन कसे?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आपण एकोणिसाव्या शतकातल्या एका गणिताच्या प्राध्यापकापर्यंत पोहोचतो. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना छत्रे. ते आजच्या रायगड जिल्ह्यातले. लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून त्यांचं नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. पण त्यांनी आयुष्यभर नेमकं काय केलं, हे फारसं सांगितलं जात नाही.

केरूनाना कोण होते?

केरूनानांचा जन्म १८२० च्या दशकाच्या मध्यात अलिबागजवळच्या नागाव इथे झाला. त्यांचं मूळ नाव विनायक, पण ‘केरो’ आणि पुढे ‘केरूनाना’ हेच नाव रूढ झालं.

शिक्षणासाठी ते मुंबईला गेले. मुंबईत त्यांचे चुलते सदाशिव काशीनाथ छत्रे हे मोठं नाव होतं. ‘बापू छत्रे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सदाशिवरावांनी इसापनीतीच्या गोष्टी मराठीत आणल्या, ‘बाळमित्र’ लिहिलं. मराठीतल्या सुरुवातीच्या छापील पुस्तकांत त्यांची पुस्तकं मोडतात. इंग्रजीतलं ज्ञान सोप्या मराठीत आणायचं, हे काम केरूनानांच्या घराण्यात आधीच सुरू झालं होतं.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार हे प्राध्यापक भेटले. ऑर्लेबार गणित आणि विज्ञान शिकवत, शिवाय कुलाब्याच्या वेधशाळेचं कामही पाहत. या हुशार विद्यार्थ्याला त्यांनी वेधशाळेत नेलं. केरूनाना तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे होते.

(इथे अनेकांचा गोंधळ होतो. ही वेधशाळा मुंबईतल्या कुलाब्याची. अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला वेगळा. रायगड जिल्ह्याचं जुनं नाव ‘कुलाबा’ पडलं, ते अलिबागच्या कुलाब्यावरून.)

वेधशाळेत काय चालायचं?

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. मुख्य हेतू व्यापाराचा होता. मुंबई बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ हवी असायची. वेळ चुकली, तर भर समुद्रात रेखांश चुकतो आणि जहाज भलत्याच किनाऱ्याला लागतं. १८४० च्या दशकात तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नोंदीही सुरू झाल्या.

हे काम कंटाळवाणं आणि काटेकोर होतं. ठरलेल्या वेळी उपकरणापाशी जायचं, आकडा वाचायचा, लिहायचा, पुन्हा ठरलेल्या वेळी जायचं. रात्र असो की पावसाळा, त्यात खंड पडू द्यायचा नाही. केरूनानांनी हे काम सुमारे दहा वर्षं केलं. पोथीत काय लिहिलंय आणि आकाशात प्रत्यक्ष काय दिसतंय, या दोन गोष्टी ताडून पाहायची सवय त्यांना इथेच लागली असावी.

या वेधशाळेची पुढची गोष्टही रायगडशी जोडलेली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे ठरलं. विजेच्या प्रवाहामुळे चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला उभी राहिली. केरूनानांचं नागाव तिथून अगदी जवळ आहे.

मुंबईहून पुण्याला

१८५१ मध्ये पुण्यातल्या जुन्या हिंदू कॉलेजचं ‘पूना कॉलेज’ झालं. त्याच सुमारास केरूनाना पुण्यात शिकवायला आले. त्या काळी मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे खालापूरवरून बोरघाट चढणं आलं. रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली. पण तिथे उतरून घाट पालखीने किंवा गाडीने चढावा लागे, आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडी पकडावी लागे. कर्जतच्या बाजूने बोरघाट चढणारी रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली.

पूना कॉलेज १८६४ मध्ये ‘डेक्कन कॉलेज’ झालं. केरूनाना तिथे गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर १८७० च्या दशकात याच कॉलेजात शिकले. टिळकांचा गणिताकडे ओढा होता आणि केरूनाना त्यांचे आवडते शिक्षक होते. पुढे वेदांचा काळ ठरवण्यासाठी टिळकांनी ‘ओरायन’ हे पुस्तक लिहिलं. त्यातला युक्तिवाद खगोलगणितावर उभा आहे.

केरूनाना कॉलेजपुरते थांबले नाहीत. मराठी शाळांतल्या मुलांसाठी त्यांनी अंकगणित आणि पदार्थविज्ञानाची पुस्तकं तयार केली. सूर्यावरचे डाग आणि पृथ्वीवरचं हवामान यांच्या संबंधाचाही त्यांनी अभ्यास केला. सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ ही पदवी दिली. १८७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी त्यांचं निधन झालं.

पण त्यांचं सर्वांत मोठं आणि सर्वांत वादग्रस्त काम होतं पंचांगाचं.

पंचांगात काय चुकत होतं?

तोवर महाराष्ट्रातली पंचांगं प्रामुख्याने ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून बनत. तो गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये लिहिला. गणेश दैवज्ञ नांदगावचे. हे गावही आजच्या रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात येतं.

ग्रहलाघवाची खुबी त्याच्या सोपेपणात होती. ग्रहांची स्थिती काढण्यासाठी लागणारी अवघड त्रिकोणमिती गणेश दैवज्ञांनी टाळली आणि साध्या गुणाकार-भागाकारांवर काम भागवलं. त्यामुळे गावातल्या जोशीबुवांनाही पंचांग करता येऊ लागलं. हा ग्रंथ तीनशे वर्षांहून जास्त काळ टिकला, तो उगाच नाही.

अडचण अशी, की असं कुठलंही गणित कायम अचूक राहत नाही. त्यातली लहान चूक दर वर्षी साठत जाते. एक उदाहरण बघा. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येतो, त्याला लागणारा काळ म्हणजे नाक्षत्र वर्ष. ते सुमारे ३६५ दिवस, ६ तास आणि ९ मिनिटांचं असतं. जुन्या सिद्धांतग्रंथांत ते सुमारे ३६५ दिवस, ६ तास आणि साडेबारा मिनिटांचं धरलेलं होतं. फरक वर्षाला साडेतीन मिनिटांचा. ऐकायला काहीच नाही. पण हजार वर्षांत तो दोन दिवसांच्या पुढे जातो.

चंद्राचं आणि ग्रहांचं गणितही असंच सरकत गेलं होतं. पंचांगात दिलेली ग्रहणाची वेळ आणि प्रत्यक्ष ग्रहण लागल्याची वेळ यांत फरक पडे. ग्रह पंचांगात एका जागी, आकाशात दुसऱ्या जागी, असं होई.

गॉटिंगेनचा प्राध्यापक आणि पुण्याचा प्राध्यापक

आकाशाशी जुळणारे आकडे तेव्हा मिळत होते ते युरोपातल्या कोष्टकांत. त्यांच्यामागची गोष्टही एका गणिताच्या प्राध्यापकाची आहे.

टोबियास मायर हे अठराव्या शतकातले जर्मन खगोलशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १७२३ चा. साध्या घरातला हा मुलगा गणित बरंचसं स्वतःच शिकला आणि १७५१ मध्ये गॉटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाला. चंद्राची गती हा त्या काळातला सर्वांत किचकट प्रश्न होता. चंद्रावर पृथ्वीची ओढ असते, तशी सूर्याचीही असते. त्यामुळे तो कधीच ठरावीक वेगाने चालत नाही. मायर यांनी निरीक्षणं आणि गणित यांचा मेळ घालून चंद्राची इतकी अचूक कोष्टकं बनवली, की त्यांवरून समुद्रातल्या जहाजाला आपला रेखांश काढता येऊ लागला.

मायर १७६२ मध्ये, चाळिशीही न गाठता वारले. त्यानंतर १७६५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्या पत्नीला ३,००० पौंडांचं बक्षीस दिलं. खलाशांसाठी दर वर्षी निघणारं ‘नॉटिकल अल्मनॅक’ हे प्रकाशन १७६७ सालापासून सुरू झालं, त्यातलं चंद्राचं गणित मायर यांच्या कोष्टकांवर आधारलेलं होतं. पुढे पेटर हान्सेन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ते आणखी सुधारलं.

केरूनानांच्या हाती हाच वारसा आला. युरोपीय कोष्टकांच्या आधारे त्यांनी मराठीत ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक तयार केलं. ते १८६० मध्ये छापून आलं. ग्रहलाघव वापरणाऱ्या जोशांना आता मराठीतच नवं साधन मिळणार होतं. त्यावरून सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या जागा काढता येणार होत्या, आणि त्या आकाशात पाहून पडताळता येणार होत्या.

‘पटवर्धनी पंचांग’

कोष्टकं छापली, पण लोकांच्या घरात कोष्टकं नसतात, पंचांग असतं. म्हणून शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून केरूनानांनी नव्या गणिताचं पंचांग काढायला सुरुवात केली. आबासाहेब पटवर्धन यांनी त्याला पाठबळ दिलं. म्हणून ते ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्याचं गणित नॉटिकल अल्मनॅकच्या आधारे होत असे.

सूर्य-चंद्राच्या जागा अचूक झाल्या, इथवर फारसा वाद व्हायचं कारण नव्हतं. खरा वाद पुढच्या पायरीवर होता: आकाशाचं वर्तुळ मोजायला सुरुवात कुठून करायची?

शून्य कुठे मांडायचं?

सूर्य वर्षभरात ज्या मार्गाने फिरताना दिसतो, त्याचे १२ समान भाग म्हणजे राशी. वर्तुळाला सुरुवात नसते, ती आपण ठरवायची असते. मेष राशीचा आरंभ, म्हणजे शून्य अंश, कुठे धरायचा, यावर बाकी सगळ्या राशींच्या सीमा ठरतात.

एक बिंदू निसर्गाने दिलेला आहे. २१ मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र समान असतात, तेव्हा सूर्य जिथे असतो तो वसंतसंपात. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो. त्यामुळे हा बिंदू ताऱ्यांच्या मागे सरकत राहतो, वर्षाला सुमारे ५० विकला, म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक अंश. भारतीय पंचांगांतल्या राशी ताऱ्यांशी बांधलेल्या आहेत. त्यामुळे वसंतसंपात आणि मेषारंभ यांच्यात अंतर पडत जातं. त्या अंतराला ‘अयनांश’ म्हणतात.

परंपरेने रेवती नक्षत्राचा तारा राशिचक्राच्या आरंभाशी जोडला जात होता. केरूनानांनी तोच आधार घेतला. मीन तारकासमूहातला एक विशिष्ट तारा त्यांनी रेवतीचा योगतारा मानला. वसंतसंपात या ताऱ्यापाशी होता ते वर्ष शके ४९६ येतं. तिथून मोजलं, तर १८६५ मध्ये अयनांश भरतो सुमारे १८ अंश.

ग्रहलाघवाच्या रीतीने मात्र तोच अयनांश २२ अंशांच्या पुढे जात होता. म्हणजे फरक सुमारे ४ अंशांचा. सूर्य रोज साधारण एक अंश चालतो. त्यामुळे केरूनानांच्या पंचांगात प्रत्येक संक्रांत रूढ पंचांगापेक्षा सुमारे चार दिवस आधी येऊ लागली. आजही हा फरक दिसतो. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला असते, टिळक पंचांगात ती १० जानेवारीला असते.

चार दिवसांचा फरक महिन्याचा कसा होतो?

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. तिथी अयनांशावर अवलंबून नसते. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला, की एक तिथी पूर्ण होते. शून्य कुठेही धरलं, तरी दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं. त्यामुळे अमावास्या, पौर्णिमा आणि चतुर्थी दोन्ही पंचांगांत सारख्याच असतात. फरक पडतो तो महिन्याच्या नावात.

बारा चांद्रमहिन्यांचे सुमारे ३५४ दिवस होतात. सौर वर्षापेक्षा ते ११ दिवसांनी कमी. ही तूट भरून काढायला साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना धरावा लागतो. तो कोणता, याचा नियम सोपा आहे. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही, म्हणजे ज्यात संक्रांत नसते, तो अधिक.

आता २०२३ चं उदाहरण घेऊ. १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा एक चांद्रमहिना होता. रूढ पंचांगांप्रमाणे सूर्य १७ जुलैला कर्क राशीत आणि १७ ऑगस्टला सिंह राशीत गेला. दोन्ही संक्रांती या महिन्याच्या बाहेर राहिल्या, म्हणून तो अधिक श्रावण ठरला. टिळक पंचांगात मात्र सिंह संक्रांत चार दिवस आधी, म्हणजे १३ ऑगस्टच्या सुमारास आली. ती महिन्याच्या आत पडली. म्हणून तिथे तोच महिना नेहमीचा श्रावण झाला आणि त्यानंतर लगेच भाद्रपद लागला. चतुर्थी दोघांकडेही २० ऑगस्टला होती. एकाकडे ती भाद्रपदातली, दुसऱ्याकडे श्रावणातली.

खालापूर तालुक्यातल्या महडच्या वरदविनायकाला जाणाऱ्या भाविकाने भाद्रपद कधी सुरू होतो हे विचारलं, तर गणितज्ञ त्याला आधी उलट विचारेल: मेषेचा शून्य अंश कुठे धरायचा?

गावागावाचा सूर्योदय

तारखेचा फरक आणखी एका कारणाने पडू शकतो, पण तो लहान असतो. सण ठरवताना बऱ्याचदा सूर्योदयाच्या वेळची तिथी पाहिली जाते आणि सूर्योदय प्रत्येक गावाचा वेगळा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. कर्जत मुंबईच्या पूर्वेला सुमारे अर्धा अंश आहे. त्यामुळे कर्जतला सूर्य मुंबईच्या दोनेक मिनिटं आधी माथ्यावर येतो. तिथी नेमकी सूर्योदयाच्या वेळी बदलत असेल, तर एवढ्यानेही दिवस बदलू शकतो. म्हणून पंचांग कोणत्या गावासाठी केलंय, हे त्यावर लिहिलेलं असतं.

लोकांनी ते स्वीकारलं का?

सहजासहजी नाही. पटवर्धनी पंचांग पाळणारे थोडेच राहिले. सण-उपास, श्राद्ध, मुहूर्त ही सगळ्या समाजाने मिळून पाळायची गोष्ट असते. गणित कितीही बरोबर असलं, तरी एकट्याच घरात दिवाळी करायला कुणाला आवडेल?

सुधारणावाद्यांमध्येही एकमत नव्हतं. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचं म्हणणं होतं, की ताऱ्यांशी बांधलेली मोजणीच सोडा आणि थेट वसंतसंपातापासून मोजा, म्हणजे सण ऋतूंपासून दूर सरकणार नाहीत. या पक्षाला ‘सायन’ म्हणतात. याच दीक्षितांनी पुढे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मोठा ग्रंथ लिहिला. तो १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. केरूनानांच्या कामाची नोंद त्यात आहे.

केरूनानांचा रेवती पक्ष टिळकांनी उचलून धरला. त्या पक्षाचं पंचांग आज ‘टिळक पंचांग’ म्हणून ओळखलं जातं. दुसरीकडे व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यासारख्या गणितज्ञांनी चित्रा ताऱ्याचा आधार घेतला. चित्रा हा ठळक तारा आहे, तो ओळखण्यात चूक होत नाही. केरूनानांनी निवडलेला रेवतीचा तारा मात्र अंधाऱ्या रात्रीही नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो. जुन्या ग्रंथांतली रेवती हीच का, यावर वाद घालायला जागा राहिली. शिवाय चित्रा पक्षाचा अयनांश रूढ पंचांगांच्या जवळ जाणारा होता. त्यामुळे लोकांना सणांच्या तारखा फारशा बदलाव्या लागणार नव्हत्या.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला. २१ मार्च १९५६ साठी तिने अयनांश धरला २३ अंश १५ कला, म्हणजे चित्रा पक्षाचा. आज दाते पंचांग, कालनिर्णय यांसह महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगं आणि दिनदर्शिका याच पक्षाच्या आहेत.

मग केरूनाना हरले का?

शून्य अंशाच्या वादात त्यांची बाजू मागे पडली, हे खरं. पण त्यांचा मूळ आग्रह वेगळा होता. पंचांगात जे लिहिलंय ते आकाशात दिसलं पाहिजे आणि दिसत नसेल, तर आकाश नव्हे, पंचांग बदललं पाहिजे. चित्रा पक्ष असो, रेवती पक्ष असो की राष्ट्रीय पंचांग, आज सगळ्यांचं गणित आधुनिक वेधांवरच चालतं. ग्रहणाची वेळ मिनिटापर्यंत बरोबर येते, याचं आता कुणाला आश्चर्यही वाटत नाही. हा बदल मराठीत आणि सामान्य जोशीबुवांना वापरता येईल अशा रूपात पहिल्यांदा मांडणाऱ्यांत केरूनाना होते.

उरलेला वाद आकाश पाहून मिटणारा नाही. चंद्र कुठे आहे, हे मोजता येतं. मेष कुठे सुरू होते, हे माणसांनी आपसात ठरवायचं असतं. २०२३ मध्ये २० ऑगस्टला ज्यांच्याकडे गणपती बसला आणि ज्यांच्याकडे १९ सप्टेंबरला, त्या दोघांच्याही पंचांगात चंद्र अगदी बरोबर जागी होता.